सिगार ओढणाऱ्या बायकांचं हळदीकुंकू

मरीन परेडच्या अलकाताई सबनीस यांचं नाव मी सगळ्यात आधी लिहिते. विमान, समुद्र, उंच इमारती हे सगळं मागून येईल. त्या बाई नसत्या तर माझ्या बहिणीच्या मुलाला, मंगेशला, बायको, पोरगी आणि तान्हं बाळ घेऊन सिंगापूर सोडून पुण्याला यावं लागलं असतं आणि मला हे लिहायची हौस सुचली नसती. आमच्या बचत गटातल्या बायका म्हणाल्या, "सुमन, जाऊन आलीस, आता सांग तरी." पण सांगायला बसलं की मधेच कुणाचा तरी कुकर होतो आणि सगळ्या उठतात. म्हणून लिहून काढते. शाळा माझी सातवीला सुटली. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

चांगी

मी निपाणीची. अर्धं आयुष्य वखारीत तंबाखू निवडण्यात गेलं. आमच्याकडं मिश्री लावणं हे व्यसनात धरत नाहीत, आंघोळीसारखं धरतात. भाजलेल्या तंबाखूची पूड सकाळी दातांना लावायची, उकिडवं बसायचं आणि मग दिवसाला तोंड द्यायचं. पुरुषांसमोर लावायची नाही, सुनेसमोर लावायची नाही. सगळ्या लावतात आणि कुणीच लावत नाही, अशी ती रीत आहे.

प्राजक्ताच्या, म्हणजे मंगेशच्या बायकोच्या, बाळंतपणाला जायचं होतं माझ्या बहिणीनं, पण तिच्या गुडघ्यानं ऐन वेळी संप केला. म्हणून मला धाडलं. मंगेशनं फोनवर बजावलं होतं, "मावशी, तंबाखू आणू नकोस हं, इथं कायदा कडक आहे." मी म्हटलं, छे, मी कशाला तंबाखू आणू? आणि मिश्रीची डबी पिशवीत टाकली. मिश्री म्हणजे तंबाखू हे मला विमानात बसल्यावर सुचलं. शेजारचे गृहस्थ सांगत होते की या देशात च्युइंगगमसुद्धा चालत नाही. माझं पाणी पाणी झालं. पुढचा सगळा प्रवास मी पिशवीवर पाय ठेवून केला, जसा काही आत साप आहे.

चांगी विमानतळावर उतरल्यावर, ज्यांच्याकडं दाखवण्यासारखं काही नाही ते लोक हिरव्या पाटीखालून चालले होते. मी मुकाट्यानं लाल पाटीखाली गेले, डबी टेबलावर ठेवली आणि हात जोडले. गणवेशातल्या पोरीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि शिंकली. तिनं साहेबांना बोलावलं. तेही शिंकले. मी बोट दातांवर घासून दाखवलं, "टीथ, टीथ." दोघं एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी डबी ठेवून घेतली, मला चार शब्द सुनावले आणि म्हणाले, "ओके, आंटी, गो." मी इतक्या वेळा थँक्यू म्हटलं, की त्या पोरीला पुन्हा संशय यायला लागला होता.

यिशुन

मंगेशचं घर यिशुनला, भाड्याचं, पण सरकारनं बांधलेल्या इमारतीत. सरकारी म्हटल्यावर मी पोपडे आणि गळका नळ मनात धरून होते. इथली लिफ्टसुद्धा मजला आला की बोलून सांगते. खिडकीतून बाहेर बांबू काढून त्यावर कपडे वाळत घालतात. लांबून बघितलं की सगळ्या इमारतीनं गुढ्या उभारल्यात असं वाटतं, फक्त गुढीला लेंगे.

खाली मोकळ्या जागेत पाट्याच पाट्या. थुंकू नका, सायकल चालवू नका, सिगारेट ओढू नका. ओढायची असेल तर लांब एका ठरवून दिलेल्या जागी जाऊन उभं राहायचं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखं. मंगेशची पाच वर्षांची इरा मला सगळ्या पाट्या वाचून दाखवायची आणि प्रत्येक वेळी बोट नाचवून म्हणायची, "मावशीआजी, कॅनॉट लाह!" म्हणजे चालायचं नाही. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं, नळ एका घरचा आणि मीटर दुसऱ्या घरचा असल्यासारखं.

मिश्री सुटल्यावर माझं डोकं फुटायला लागलं. बाळाला न्हाऊ घालताना हात थरथरायचा. प्राजक्ताला वाटलं मला घरची आठवण येते. मंगेशला वाटलं एसी बाधला. दोघांनी आपापल्या समजुतीच्या गोळ्या दिल्या. मी दोन्ही घेतल्या, नाही कशाला म्हणायचं?

अशात अलकाताई बाळाला बघायला आल्या. साठीच्या असतील. पांढरे केस बारीक कापलेले, कॉटनची साडी, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. यजमान जहाजावर चीफ इंजिनिअर होते, आता निवृत्त. इथल्या मराठी लोकांत त्यांचं मोठं वजन. कुणाचं बारसं असो की संक्रांतीचा मेळावा, गुळाच्या पोळ्या अलकाताईंच्याच. त्यांनी बाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "मिश्री सुटली वाटतं."

मी आधी स्वयंपाकघराचं दार बघितलं.

"घाबरू नका हो. माझी आई कराडची. तिची डबी देवघरात असायची, गणपतीच्या मागं. आम्हाला वाटायचं आई किती वेळ पूजा करते."

त्यांनी मला खाली हॉकर सेंटरला नेलं. शंभर जण एका छपराखाली जेवतात आणि कुणी कुणाच्या ताटात बघत नाही, अशी ती जागा. तिथली बिनदुधाची काळी कॉफी कडू जहर. "ही प्या, वर लवंग चघळा आणि माणसात बसा," अलकाताई म्हणाल्या. "एकटं बसलं की हात डबी शोधतो." आणि मग रोज सकाळी त्या मरीन परेडहून बस आणि ट्रेन बदलत यिशुनला यायच्या, माझ्यासमोर बसायला. मी कोण त्यांची? मी हात जोडले की म्हणायच्या, "हात सोडा, कॉफी सांडेल."

क्वीन्सटाउन

मंगेशचं ऑफिस क्वीन्सटाउनला. एका संध्याकाळी तो आला आणि न जेवता बसून राहिला.

"पासाचं झालं का?" प्राजक्तानं विचारलं. तिकडं राहायचं तर नोकरीचा पास लागतो आणि त्याची मुदत वाढवायची तर कंपनीनं कागद करावे लागतात. पास गेला की घर, इराची शाळा, सगळं आवरून निघायचं.

"सर्वेवर अडलंय," मंगेश म्हणाला.

"कशाचा रे सर्वे?" मी विचारलं.

तो बाळाकडं बघत म्हणाला, "सिगार ओढणाऱ्या बायकांचा."

प्राजक्ताच्या हातातली पळी भाजीवर तशीच थांबली.

झालं होतं असं. सिगार विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला कळून घ्यायचं होतं, की कोणत्या बायका सिगार ओढतात, त्यांचं वय काय, मिळकत काय, सवयी काय. मंगेश संगणकाचा माणूस. छोट्या कंपनीत सगळ्यांनी सगळं करायचं असतं, तशी ही जबाबदारी त्याच्या गळ्यात आली. तो संध्याकाळी एका बारमध्ये गेला, सिगार ओढत बसलेल्या दोन बायकांजवळ उभा राहिला आणि विचारलं, "लग्न झालंय का? पगार किती?" वेटरनं त्याला अदबीनं स्टेशनचा रस्ता दाखवला.

मग त्यानं घरी बसून इंटरनेटवरून अहवाल रचला. बायकांचे तीन प्रकार पाडले: करिअरवाली, बंडखोर आणि एकाकी. एक खाना रिकामा दिसत होता, तिथं भारतीय गृहिणी घातली. बॉस हसला म्हणे. "इंडियन हाउसवाइफ? एक दाखव मला. व्हिडिओवर बोलताना दाखव. नाही दाखवलीस तर सगळाच रिपोर्ट खोटा धरीन आणि पासाच्या कागदावर सही करणार नाही."

"अरे, पण अशी असते का कुठं?" मी म्हटलं.

"तेच तर, मावशी."

दुसऱ्या दिवशी कॉफी समोर आली आणि मला रडूच आलं. अलकाताईंनी सगळं ऐकून घेतलं. कप संपवला. मग उठल्या. "चला. पदर सारखा करा, शहरात जायचंय."

एका मोठ्या दुकानाच्या मागं, ओढणाऱ्यांसाठी आखून दिलेल्या कोपऱ्यात चार खुर्च्या होत्या. तीन बायका बसलेल्या. अलकाताई चौथीत बसल्या, पर्समधून चामड्याची डबी काढली, करंगळीएवढी नाही, चांगली अंगठ्याएवढी जाड सिगार काढली, टोक कापलं आणि पेटवली. मी उभीच. निपाणीत कुणी माझ्यासमोर वखार पेटवली असती तरी मी एवढी हादरले नसते. आणि खरं सांगते, त्याच वेळी नाक मात्र आपणहून पुढं झालं. किती दिवसांनी तो वास! मी वाऱ्याची दिशा बघून उभं राहायची जागा बदलली.

"ताई, तुम्ही?"

"नवऱ्यानं एकदा हौसेनं दिली. त्याला ठसका लागला, मला नाही लागला. त्यानं सोडली, मी धरली."

"पण का?"

"चांगली लागते म्हणून," त्या म्हणाल्या. "सुमनबाई, पुरुषाला कुणी का म्हणून विचारत नाही. बाईनं ओढली की आधी दुःख शोधतात."

तिथं ओळखी झाल्या. मॅडम चुआ, सत्तरीच्या पुढच्या, जन्मभर बाजारात मासे विकलेल्या. सिगारेट का नाही, विचारलं तर म्हणाल्या, गोष्ट संपायच्या आधी सिगारेट संपते. ग्रेस वकील. केस जिंकली की ती घरी जाऊन झोपते, हरली की सिगार पेटवते, त्यामुळं तिच्या अशिलांना ती धूर सोडताना दिसलेली आवडत नाही. तिसरी देविका, इथंच जन्मलेली तमिळ मुलगी, बँकेतली. आईला सांगते योगाच्या क्लासला जाते. योगाच्या चटईला एवढा वास कसा, असं आई विचारते, तर म्हणते, अगरबत्ती.

व्हिडिओचं नाव काढताच तिघी उठायला लागल्या. प्रश्न म्हटले की बाई उठते, हे मला वखारीतल्या तपासणीपासून ठाऊक. पण एका ठिकाणी बाई स्वतःहून येते, नटून येते आणि वय, नवरा, मुलं, पगार, सगळं सांगून वर वाण घेऊन जाते. संक्रांतही होऊन गेली होती आणि रथसप्तमी यायची होती.

"ताई," मी म्हटलं, "हळदीकुंकू घालूया का?"

अलकाताई इतक्या हसल्या की राख पडली. मग थांबल्या. "माझ्या बाल्कनीत घालू. स्वतःच्या बाल्कनीत ओढायला कायद्याची ना नाही."

"पण मी पाहुणी म्हणून आलेय. माझ्या पासावर काम चालत नाही. हे काम धरतील का?"

"बायकांना बोलतं करणं हे काम धरलं तर अख्ख्या सदाशिव पेठेला पास काढावा लागेल."

मी आणखी एक सांगितलं. माझे मालक गेल्यापासून हळदीकुंकवाला मला बोलावतात ते आत चहा करायला. अलकाताई म्हणाल्या, "माझ्याकडं चहाचं मशीन आहे. तुम्ही बाहेर बसा."

लिटल इंडिया

तीळ आणायला गेले आणि तिथं मीच घात केला. दुकानात नेनेबाई भेटल्या. मराठी मंडळींच्या बायकांच्या ग्रुपवर कोण कुठल्या कार्यक्रमाला काय नेसली, याची नोंद त्यांच्याकडं असते. माझ्या पिशवीत तीळ, गूळ आणि स्टीलच्या वाट्या बघून म्हणाल्या, "अय्या, वाण? कुणाकडं हळदीकुंकू?"

आता बायकांनो, तुम्हीच सांगा. कुणी तोंडावर विचारलं तर आपल्यात काय म्हणतात? नाव सांगायचं आणि या म्हणायचं नाही, असं करता येतं का? माझ्या तोंडून निघून गेलं, "अलकाताईंकडं, रविवारी. या की!" म्हणताना वाटलं, त्या कशाला येतात? हळदीकुंकवाला कुणी येणार नाही असं समजणारी बाई मी निपाणीत तरी बघितली नव्हती. घरी येऊन भीतीनं कुणाला सांगितलंही नाही.

मरीन परेड

रविवारी दुपारी अलकाताईंच्या बाल्कनीत चटया घातल्या. समोर समुद्र आणि त्यावर जहाजं, वाळत घातलेल्या सांडग्यांसारखी, हलतच नव्हती. मंगेशनं फोन कुंडीला टेकवून चालू केला आणि स्वतः मागं लपला.

मी कुंकू लावलं. मॅडम चुआंनी डोळे मिटून विचारलं, "दिस वन गिव्ह नंबर?" म्हणजे लॉटरीचा नंबर मिळतो का. ग्रेसनं वाणाची वाटी घेतली, फिरवून बघितली आणि लगेच तीत राख झाडली. वाणाच्या वाटीत राख, पण वापरली तरी! आमच्याकडं वाणाच्या वाट्या पुढच्या संक्रांतीला दुसरीला देण्यासाठी जपून ठेवतात. देविकानं तिळगूळ खाल्ला आणि म्हणाली, याच्याबरोबर सिगार छान लागते. हे व्यापाऱ्याला अजून सुचलेलं नाही.

मग मी विचारलं, जसं विचारतात तसं. माहेर कुठलं, मुलं किती, नवरा काय करतो. अलकाताई भाषांतर करत होत्या. मंगेशच्या कंपनीनं पैसे मोजून तयार केलेले प्रश्न नेमके हेच होते. आपल्या बायका हा सर्वे दर जानेवारीला फुकट करतात. एक प्रश्न तेवढा कंपनीचा स्वतःचा होता: का ओढता? ताण, फॅशन, बंड, पतीचा प्रभाव, यातलं निवडा. तिघींनी एकच सांगितलं: आवडते. तसा खाना नव्हता.

शेवटी अलकाताईंची पाळी. त्या फोनसमोर बसल्या, सिगार पेटवली, नाव सांगितलं आणि एवढ्यात बेल वाजली. बाळासकट आमच्याबरोबर आलेल्या प्राजक्तानं दार उघडलं. नेनेबाई आणि आणखी दोघी. पैठण्या, नथी, गजरे. बाल्कनीपर्यंत आल्या आणि थांबल्या. धुरात बसलेल्या चार बायका, चौघींच्या कपाळाला हळदीकुंकू.

"अगोबाई," नेनेबाई म्हणाल्या, "आम्ही चुकीच्या घरी आलो की काय?"

"घर बरोबर आहे," अलकाताई म्हणाल्या. "बसा ना."

"हे... हे तुमच्या हातात?"

मॅडम चुआंना मराठी कळत नव्हतं, पण जन्मभर बाजारात बसलेल्या बाईला चेहरा कळतो. त्यांनी हळूच हात पुढं केला, सिगार इकडं द्या, माझी म्हणून सांगते, असा. अलकाताईंनी त्या हाताकडं बघितलं. मागं मंगेश घामानं भिजलेला, प्राजक्ताच्या खांद्यावर बाळ. एक शब्द बोलल्या असत्या, 'पाहुण्यांची धरलीय हो', तर सगळं निभावलं असतं. त्यांचं निभावलं असतं, मंगेशचं नाही.

"मंगेश, चालू ठेव," त्या म्हणाल्या. आणि फोनकडं बघून इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. मंगेशनं मला नंतर अर्थ सांगितला. मी भारतीय गृहिणी आहे. कुणी शिकवलेली नाही, कुणी सोडलेली नाही. दुपारचं जेवण झालं की ओढते, वरणभातावर चांगली लागते.

नेनेबाईंनी कुंकू लावून घेतलं. सणाचं कुंकू नाकारायचं नाही, एवढा धर्म त्यांनी पाळला. वाणाची वाटी मात्र पदरानं धरली.

पुन्हा यिशुन

बॉसनं व्हिडिओ बघितला म्हणे दोनदा, आणि सही केली. पास वाढला. इरानं शाळेची बाटली नवी मागितली. व्यापाऱ्यानं सर्वेचा सखोल अभ्यास करून बायकांसाठी बारीक, गुलाबी, गुलाबाच्या वासाची सिगार काढायचं ठरवलं. अलकाताईंनी त्या कोपऱ्यात हे सांगितलं तेव्हा मॅडम चुआ म्हणाल्या, "पिंक वन फॉर हू? बेबी आह?"

निघायच्या आधी मी अलकाताईंबरोबर शेवटची कॉफी प्यायले. त्यांचा फोन वाजला. ग्रुपवर निरोप आला होता. त्यांनी मला वाचून दाखवला: "यापुढं मेळाव्याच्या गुळपोळ्या दुसरीकडून मागवत आहोत. अलकाताईंनी आता तब्येतीला जपावं, ही विनंती." खाली हात जोडल्याची पुष्कळ चित्रं.

"ताई, माझ्यामुळं झालं. मीच त्यांना या म्हटलं."

"मग काय येऊ नका म्हणणार होतात? सुमनबाई, पोळ्या करून करून माझी बोटं भाजली होती. सुटले." हसून त्यांनी फोन पालथा ठेवला. कपाखालचा कागदी रुमाल त्यांनी ओढून घेतला होता आणि त्याच्या कडा अंगठ्यानं दाबत होत्या, गोल फिरवत, गुळपोळीच्या दाबतात तशा.

मंगेशनं त्यांच्यासाठी मोठी भेट घ्यायचं चालवलंय. घेऊ दे त्याला. माझ्याकडून देणं लागतं ते दुकानात मिळत नाही. अलकाताई, एखाद्या संक्रांतीला निपाणीला या. हळदीकुंकू माझ्या घरी असेल, मी मांडेन, मीच लावेन. गुळपोळ्या तुम्ही करायच्या, खायला अख्खी गल्ली बसवते. जिला तुमच्याबरोबर बसायचं नसेल तिनं आपली वाटी घेऊन जावं. आणि जेवणं झाली, तुम्ही पर्स उघडलीत, की काडी मी पेटवून धरीन, सगळ्यांच्या समोर, वारं कितीही असो.